पाच पालथ्या वाट्या

मित्रांनो, तुमच्या घरी ओट्याजवळ एक गोल स्टीलचा डबा असेल बघा. आत सात छोट्या वाट्या, त्यांवर एक पातळ झाकण आणि सगळ्यात वर मोठं झाकण. तसाच मी. राई गावातल्या रंभाच्या घरचा मसाल्याचा डबा. वय एकोणतीस. अंगावर बारीक चरे आहेत, काठाला एक पोचा आहे. तो पोचा कसा आला ते पुढे सांगेनच, कारण माझी खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात झाला. पत्र्याच्या गोल चकत्या यंत्राखाली जायच्या आणि दणका बसला की डबे होऊन बाहेर यायच्या. मग पॉलिशचं चाक. तिथला कामगार दिवसभर आमच्यात आपला चेहरा बघायचा, पण चेहरा काजळीनं इतका काळा की बिचाऱ्याला काय दिसत असेल देव जाणे. माझं झाकण थोडं जास्तच घट्ट बसलं होतं. तपासणाऱ्यानं दोनदा उघडून पाहिलं आणि म्हणाला, "टाइट है, पर चलेगा. मसाला उडेगा नहीं."

हे घट्ट झाकण म्हणजे माझा मोठेपणा होता. पुढे तेच माझं दुखणं झालं आणि त्याच्याही पुढे माझं काम.

रंभाच्या आईनं लग्नात द्यायला मला विकत घेतलं. दुकानदारानं गुरगुरणाऱ्या पेनानं माझ्या पाठीवर अक्षरं कोरली, 'चि. रंभास आईकडून'. अशा तऱ्हेनं मी रंभाच्या आधी एक दिवस तिच्या सासरी पोहोचलो.

सासरी मंदाआजी होत्या. रंभाच्या सासूबाई. त्यांचं घराणं मिठागरावर राबलेलं. खाडीचं पाणी कोंडीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. अशा घरात भांडं रिकामं दिसलेलं चालत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या सुनेला बजावलं, "हळद संपली आसा बोलायचा न्हाय गो, वाढली बोलायचा. नि वाटीचा तळ मना दिसता कामा नये."

मंदाआजींचा मुलगा शिवदास, म्हणजे रंभाचा नवरा, लहानपणापासून हेच ऐकत आला होता. आईच्या मसाल्याच्या वाट्या भरून ठेवायचं काम त्याचंच असे. बाकी घरकामात त्याला काडीची गती नाही. पण वाटी अर्धी झालेली दिसली की त्याचा हात आपोआप बरणीकडे जाई. मंदाआजी गेल्या, मिठागरं बंद पडली, शिवदास कंपनीत नोकरी करून निवृत्तही झाला, ही सवय मात्र तशीच राहिली.

छान दिवस होते ते. रंभा सकाळी मला पुढ्यात ओढायची, दोन्ही अंगठे काठाखाली घालायची, आणि टक्. एका झटक्यात झाकण वर. तो आवाज झाला की घराला कळायचं, आता कालवण होणार. तिच्या तांदळाच्या भाकरीला गावात नाव होतं. पाण्याचा हात लावून थापलेली, कडेला तिच्या बोटांचे ठसे उमटलेले. नात चांदणी ते ठसे मोजून मगच घास तोडायची.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अंगठे काठाखाली आले आणि तिथंच थांबले.

झाकण हललं नाही. रंभानं मला खाली ठेवलं, हात झटकले, पुन्हा धरलं. तिची बोटं मला गरम लागली. पेरांवर सूज होती, दोन्ही हातांना सारखीच. शेवटी तिनं चमच्याचं टोक काठात घालून मला उचकटलं. तोच हा पोचा.

दारातून शिवदास म्हणाला, "डबा उघडतंस का तिजोरी फोडतंस?"

एरवी रंभानं त्याला सवाई उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ती नुसती हाताकडे बघत राहिली.

मग हे रोजचंच झालं. सकाळी उठलं की तास-दीड तास बोटं मिटायची नाहीत. केस विंचरता येईनात, साडीची पिन लागेना, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागे. दुपारी जरा मोकळं वाटे, म्हणून लोकांना खरं वाटेना. कुणी म्हणालं वय झालं. रंभा तेव्हा पन्नाशीचीही नव्हती.

उपाय काय थोडे झाले? खडेमीठ तव्यावर तापवून, फडक्यात बांधून शेक दिला. त्यानं घटकाभर बरं वाटे. तेलं झाली. तांब्याचं कडं झालं, ते सुजलेल्या मनगटात रुतून बसलं आणि साबण लावून काढावं लागलं. मग कुणीतरी एका माणसाचा पत्ता दिला. तो बिननावाच्या पुड्या द्यायचा. त्या पुड्यांनी दोन आठवडे हात इतके हलके झाले की रंभानं मला पुन्हा टक् करून उघडलं. मी किती खूश झालो होतो. पण मग तिचा चेहरा सुजून गोल झाला आणि पुड्या थांबल्या तसे हात आधीपेक्षा वाईट झाले.

त्या दिवसांत घरात एक नवा प्लॅस्टिकचा डबा आला. बोटानं ढकललं की उघडणारा. माझ्यातला मसाला त्यात गेला आणि मी माळ्यावर. धुळीत बसून मी त्या प्लॅस्टिकवाल्याचा भयंकर राग केला. आता वाटतं, राग कसला? ज्याचं झाकण उघडत नाही, त्याला कुणी किती दिवस ओट्यावर ठेवावं?

शेजारच्या इमारतीत संध्या राहते. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मूळची मराठवाड्याची, पण रंभाच्या ओटीवर बसून बसून अर्धी राईची झालेली. तिनं त्या पुड्यांचा कागद नाकाशी धरला आणि म्हणाली, "काकी, ज्या औषधावर नाव नाही ते पोटात घालायचं नाही. उद्या माझ्यासोबत चला. सांध्यांच्या डॉक्टर येतात आमच्याकडे."

"उद्या न्हाय गो, उद्या पाव्हने येनार हायत."

"पाहुण्यांना चहा काका करतील."

"त्यांच्या हातचा च्या प्यायले तं पाव्हने पुन्ना येतील का?"

तरी ती गेली. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, म्हणून सोबत सून भाविका गेली. परत आल्यावर भाविकानं घरात सगळं समजावून सांगितलं आणि ते मी माळ्यावरून ऐकलं. रंभाला आमवात झाला होता. हा म्हातारपणी सांधे झिजतात तो आजार नव्हे. आपल्या शरीरात रोगाशी लढणारे राखणदार असतात. आमवातात ते चुकतात आणि आपल्याच सांध्यांवर चालून जातात.

"म्हंजी राखनदारच धन्याला मारतंय," शिवदास म्हणाला. त्याच्या वडिलांनी मिठागरावर राखण केली होती, त्याला लगेच कळलं.

"हो पप्पा. आणि गोळी त्या राखणदाराला शांत करते. पण हळूहळू. दोन-तीन महिने लागतील म्हणाल्या. आजार मुळातून जाईल असं नाही, पण ताब्यात राहील. मम्मींचे हात वाकडे होणार नाहीत. फक्त गोळी सोडायची नाही आणि रक्त तपासत राहायचं."

मग भाविका स्टूलवर चढली आणि माळ्यावर हात घालून तिनं मला खाली काढलं.

कारण होती चांदणी. चार वर्षांची पोर, घरातला कुठलाही डबा उघडायची. प्लॅस्टिकचा तर तिचं खेळणंच होता. गोळ्या तिच्या हाती लागता कामा नयेत आणि घरात तिला न उघडता येणारं भांडं एकच होतं. मी. तीनदा लिंबानं घासून, उन्हात वाळवून भाविकानं माझा हळदीचा वास घालवला. वाट्यांवर वारांची अक्षरं लिहिली. रविवारच्या वाटीत एक पिवळी गोळी ठेवली, सोमवारच्या वाटीत तिच्या जोडीची एक छोटी पांढरी. बस्स.

पाच वाट्या रिकाम्या.

मित्रांनो, मला फार लाज वाटली. सत्तावीस वर्षं माझ्या वाटीचा तळ कुणी पाहिला नव्हता. रंभालाही ते रुचलं नाही.

"सासूबाई आसत्या तं मना घराबाहेर काढली आसती. पाच वाट्या रिकाम्या?"

"राहू द्या मम्मी. ही गोळी आठवड्यातून एकदाच. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय."

शिवदास तेव्हा दूध आणायला गेला होता. एवढंच त्यानं ऐकलं नाही.

दर रविवारी-सोमवारी भाविका माझं झाकण उघडून द्यायची. दहाव्या आठवड्यात रंभा सकाळी म्हणाली, "आज पिन लागली गो." एवढंच. पण भाविका ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच पेला धूत राहिली.

त्याच सुमारास गोडदेवला भाविकाच्या भावाचं लग्न निघालं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. भाविका चांदणीला घेऊन आठवडाभर आधी माहेरी गेली. जाताना सासऱ्याला म्हणाली, "पप्पा, रविवारी-सोमवारी झाकण तेवढं उघडून द्या. मम्मींना जोर लावू देऊ नका."

रविवारी शिवदासनं मला उघडलं. पिवळी गोळी दिली, पाण्याचा पेला दिला. मग त्याची नजर माझ्या वाट्यांवर गेली. सोमवारची एक पांढरी आणि पुढे पाच वाट्यांचे तळ चकचकत होते.

"पोर घाईत गेली बघ. भरायची इसरली."

"न्हाय वो, ती बोलली व्हती एकदाच..."

"एकदा म्हंजी दिसातना एकदा. बीपीची गोली मी रोज घेतंय ना? नि तुला बरा कशानं वाटतंय? या पिवल्यानंच ना?"

रंभानं बोटं उघडून मिटून पाहिली. तिच्या मनातही काहीतरी होतं, मला ते तिच्या हातांकडे बघण्यातून कळलं. हळदीला व्याह्यांकडे जायचं होतं. तिथं चार बायकांत बसून भाकरी थापायची होती.

शिवदासनं कपाटाच्या वरच्या खणातलं गोळ्यांचं पाकीट काढलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. प्रत्येक वाटीत एक पिवळी. त्याचा हात लहानपणी हळद भरायचा तसाच चालला होता, मन लावून, एकही वाटी न चुकवता.

आणि मी? खरं सांगतो. मी खूश झालो. पुन्हा भरलेला डबा झालो. ज्यांनी मला लाज आणली होती त्या वाट्या आता मिरवत होत्या. मला तोंड असतं तरी मी त्या दिवशी काही बोललो नसतो, आणि हेच मला अजून टोचतं.

मंगळवारी रंभानं पिवळी घेतली. बुधवारी घेतली. गुरुवारी घेतली, आणि दुपारचं जेवण ताटात टाकून उठली. तोंडात आग होत होती. संध्याकाळी दोनदा उलटी झाली. शुक्रवारी सकाळी ती ओटीवर आलीच नाही.

संध्या ड्यूटीवर निघाली होती. ओटी रिकामी बघून आत आली. "काय हो काकी, हळदीच्या आधीच दमलात?"

रंभानं नुसता हात हलवला. संध्या जवळ बसली. "तोंड उघडा बघू." तोंडात जिकडेतिकडे फोड आले होते. संध्याचं हसू गेलं. "गोळ्या कुठे ठेवता?"

तिनं माझं झाकण काढलं. शुक्रवार आणि शनिवार, दोन पिवळ्या गोळ्या.

"काका, या कुणी भरल्या?"

"मीच. का गो?"

"आजची घेतली?"

"न्हाय. तिला पानी पन जात न्हाय."

"बरं झालं." संध्यानं मोबाईल काढला. "काका, ही रोजची गोळी नाही. आठवड्याला एक. रोज घेतली तर रक्तच तयार होत नाही नीट. रिक्षा बोलवा. आत्ता. गोळ्यांचं पाकीट आणि दवाखान्याची वहीपण घ्या."

शिवदास चप्पल उलटीसुलटी घालून पळाला. मी ओट्यावर तसाच राहिलो, झाकण उघडं, दोन गोळ्या आत. चार दिवस मला कुणी शिवलं नाही. फ्रीजच्या घरघरीशिवाय घरात आवाज नव्हता. माझ्या वाट्यांनी काय केलं ते मला तेव्हा कळलं आणि घरात सांगायला कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी कुलूप उघडलं. आधी शिवदास, मग भाविकाच्या हाताला धरून रंभा. भाविकाच्या तळव्यांवर मेंदी अर्धीच रंगलेली होती. भावाची हळद सोडून ती थेट दवाखान्यात गेली होती. मागून संध्या आली आणि खुर्चीवर धपकन बसली.

"रक्त चांगलं आलंय. उतारा वेळेवर लागला. अजून दोन दिवस गेले असते तर मी आत्ता इथं हसत बसले नसते. तीन आठवडे गोळी बंद. मग रक्त पाहून पुन्हा तीच, पण आठवड्याला एक."

सगळ्यांनी एकदम सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग शिवदास म्हणाला, "मीच तुला मारत व्हतो गो."

रंभा त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुमी राखनदार ना घरचं. डॉक्टरबाई बोलल्याच व्हत्या, राखनदार चुकतंय."

आधी संध्या हसली, मग भाविका, मग रंभाचे स्वतःचे फोडांनी दुखणारे ओठ. शिवदास मात्र हसला नाही. डोळे पुसून तो माझ्याजवळ आला. माझ्यातल्या दोन गोळ्या त्यानं काढून संध्याच्या हातात दिल्या.

"मना कलायला पायजे व्हता," तो म्हणाला. "मिठागरावर पानी उधानालाच घ्यायचा. मग दार बंद. बाकीचं दिस ऊन काम करतंय. रोज पानी घेतला तं मीठ धरतच न्हाय, सगला वाहून जातंय. गोलीचा पन तसाच. घेतली एक दिस, काम करते सात दिस."

"काका, हे आमच्या दवाखान्यात येऊन सांगा पेशंटना," संध्या म्हणाली. "मी बोलते तेव्हा झोपतात."

तरी प्रश्न राहिलाच. तीन आठवड्यांनी गोळी पुन्हा सुरू होणार, वाट्या पुन्हा रिकाम्या दिसणार आणि शिवदासचा हात शिवशिवणार. तो स्वतःच म्हणाला, माझा भरवसा नाही. भाविका म्हणाली, दुसरा डबा आणू. तेव्हा रंभानं मला जवळ ओढलं. सुजलेल्या बोटांनी एकेक वाटी उचलली आणि पालथी घातली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

"पालथ्या वाटीचा तळ दिसत न्हाय," ती म्हणाली. "सासूबाईंचा पन मान राहिला, नि भरायला पन कुनाला जागा न्हाय."

मित्रांनो, त्या क्षणी माझी लाज कुठच्या कुठे गेली. पालथ्या वाट्या पोटात घेऊन बसायला मला आता अभिमान वाटतो. मी भरलेला नाही म्हणून रंभा बरी होते आहे.

त्याला आता आठ महिने झाले. गोळी नियमानं चालू आहे, रक्ताची तपासणी ठरल्या दिवशी होते आणि ती तारीख शिवदास कॅलेंडरवर लाल पेनानं लिहितो. सकाळी रंभा कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचे व्यायाम करते आणि चांदणी समोर बसून मोठ्यानं आकडे म्हणते. भाविकानं पळ्यांच्या दांड्यांना जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड केल्या आहेत. बारीक दांडी घट्ट धरावी लागली की पेरं दुखतात म्हणून. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. एखादी सकाळ वाईट उगवते. त्या दिवशी रंभा सांगते, आज जमणार नाही, आणि घरात कुणी का म्हणून विचारत नाही.

गेल्या रविवारी भाविकाचा भाऊ आणि त्याची नवी बायको राईला जेवायला आले. भाविका भाकरीचं पीठ मळत होती. रंभा ओट्याशी आली आणि तिनं मला पुढ्यात ओढलं.

"थांबा मम्मी, मी उघडते."

"राहू दे. संध्यानं शिकवलंय मना. बोटांनी न्हाय, तलव्यांनी."

तिनं माझ्याखाली ओलं फडकं ठेवलं, म्हणजे मी घसरू नये. दोन्ही तळवे झाकणावर टेकवले. अंगाचा भार देऊन हलकेच फिरवलं. मी माझं सगळं बळ एकवटून सैल व्हायचा प्रयत्न केला. स्टीलला सैल होता येतं का ते मला माहीत नाही.

टक्.

बाहेरच्या खोलीत शिवदास बोलता बोलता थांबला. रंभानं पिवळी गोळी घेतली, रविवारची वाटी पुसली आणि झाकण लावलं. मग पाण्याचा हात लावून तिनं भाकरी थापली. दोनच. तिसरीला तिनं स्वतःच पीठ सुनेकडे सरकवलं. चांदणीनं कडेचे ठसे मोजले. काही उमटले होते, काही अर्धेच. पण ती आठावर पोचली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची बोटं सकाळी मिटत नसतील तर दुपारी ती हलतात म्हणून त्यांना खोटं ठरवू नका. त्यांच्यासाठी एखादं झाकण उघडून द्या. आणि त्यांच्या औषधाची वाटी रिकामी दिसली तर मायेपोटी भरायला धावू नका. आधी कागद वाचा, आधी विचारा. मीही आता विचारतो, माझ्या परीनं. कुणाचा हात मंगळवारच्या वाटीकडे गेला की ती पालथी वाटी त्याला पाठ दाखवते.

आज सोमवार आहे. छोटी पांढरी गोळी वाट बघते आहे आणि ओट्याकडे पावलं येत आहेत. झाकण आज तीच उघडणार.